वेस्टर्न ओळखायचा तर शेवटचं रीळ बघा

तुमचा प्रश्न असा: घोडे, रुंद काठाच्या टोप्या आणि कमरेला पिस्तुलं दिसली की सिनेमा वेस्टर्न होतो का? तसं असेल तर ज्यात माणसं पिकअप गाड्यांतून फिरतात त्या ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’ला वेस्टर्न का म्हणतात? ‘शोले’ला म्हणायचं का? आणि पुस्तकांत लिहितात तसा हा प्रकार आधी भोळा, मग प्रौढ, मग थकलेला असा वाढत गेला, हे खरं का?

मी समीक्षक नव्हे, संकलक. तीस वर्षं दुसऱ्यांनी चित्रित केलेलं कापत-जोडत आलोय, आणि अलीकडे विद्यार्थ्यांना तेच शिकवतो. त्यांना सिनेमा दाखवताना मला एक खोड लागली आहे: आधी शेवटचं रीळ लावायचं. वेस्टर्नच्या बाबतीत ही खोड फार कामी येते. कशी ते सांगतो, पण आधी व्याख्येचा घोळ.

अँड्र्यू ट्यूडर नावाच्या ब्रिटिश अभ्यासकाने १९७०च्या दशकात हा घोळ नेमका पकडला. वेस्टर्नची व्याख्या करायची तर आधी बरेच वेस्टर्न पाहून त्यांच्यात समान काय ते शोधायला हवं. पण कुठले सिनेमे पाहायचे हे ठरवायला आधी व्याख्या हवी. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, तसं. ट्यूडरचं उत्तर साधारण असं, की वेस्टर्न म्हणजे काय हे प्रेक्षकांमध्ये आधीच ठरलेलं असतं. लोक ज्याला वेस्टर्न समजतात तो वेस्टर्न. हे चूक नाही, पण शिकवताना त्याचा उपयोग शून्य.

मग लोक नकाशा आणि कालनिर्णय काढतात. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचा मुलूख, आणि १८६५ मध्ये यादवी युद्ध संपल्यापासून १८९० पर्यंतची पंचवीस वर्षं. ही पंचवीस वर्षं महत्त्वाची आहेतच. १८६२च्या कायद्याने जो कोणी जमीन कसेल त्याला १६० एकर मिळू लागली. १८६९ मध्ये युटामध्ये दोन बाजूंनी आलेले रूळ जोडले गेले आणि आगगाडी देशभर आरपार धावू लागली. १८७४ मध्ये ग्लिडनने काटेरी तारेचं पेटंट घेतलं आणि मोकळ्या कुरणात गुरं हाकणाऱ्यांचे दिवस भरले. १८९० मध्ये जनगणना खात्याने जाहीर केलं की वस्तीची सीमारेषा आता दाखवता येत नाही. त्याच वर्षी डिसेंबरात वूंडेड नी इथे लष्कराने लाकोटा आदिवासींची कत्तल केली. नकाशा इथे मिटला. पण या चौकटीत न बसणारे उत्तम वेस्टर्न ढिगाने आहेत: १९१३च्या मेक्सिकोतले, विसाव्या शतकातल्या बर्फाळ वॉशिंग्टन राज्यातले, १९८०च्या टेक्सासमधलेसुद्धा. शिवाय काउबॉय म्हणजे शेवटी गुराखी, आणि या सिनेमांत गुरं हाकताना तो दिसतो किती वेळा? बराचसा वेळ तो सलूनमध्येच असतो. (सलून म्हणजे दारूचा गुत्ता; आमच्या वर्गात दरवर्षी कुणीतरी केशकर्तनालयाचा विनोद करतंच.)

टोप्यांच्या हिशेबाने ‘मॅकेनाज गोल्ड’ वेस्टर्न. आमच्या पिढीतल्या अनेकांची या प्रकाराशी ओळखच त्याने झाली, आणि अमेरिकेत मिळालं नाही एवढं प्रेम त्याला आपल्याकडे मिळालं. मला विचाराल तर ती खजिन्याची गोष्ट आहे. फक्त कपडे वेस्टर्नचे.

माझी कसोटी एका वाक्यात सांगतो. वेस्टर्न म्हणजे जिथे जमीन ताब्यात आलीय पण कायदा अजून वाटेत आहे, अशा जागेची गोष्ट. कायदा येईपर्यंत न्याय कोण करणार, आणि कायदा आल्यावर त्या माणसाचं काय करायचं? हा दुसरा प्रश्न खरा वेस्टर्नचा, आणि त्याचं उत्तर शेवटच्या रिळात असतं. गावात कोण राहतं, गाव सोडून कोण जातं, आणि ज्याच्या नावाने कायदा आला तो कुणाच्या बाजूचा निघतो? हे तीन प्रश्न विचारा. टोपी असो नसो.

इतिहासात कायदा इतका दूर होता का? नव्हता. २६ ऑक्टोबर १८८१ रोजी ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावी झालेली ओ. के. कॉरलजवळची चकमक घ्या. ती सुमारे तीस सेकंद चालली आणि त्यात तिघं मेले. कारण काय, तर गावात शस्त्र घेऊन फिरायला बंदी होती आणि अर्प बंधू ती बंदी बजावायला गेले होते. म्हणजे कायदा गावात होता, नगरपालिकेचा ठरावसुद्धा होता. पडद्यावर मात्र तेच तीस सेकंद सत्तर-ऐंशी वर्षं ताणले गेले. वायट अर्प स्वतः १९२९ मध्ये लॉस एंजलिसमध्ये वारला, तेव्हा त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत विल्यम हार्ट आणि टॉम मिक्स हे मूकपटांतले दोन काउबॉय नट होते. या प्रकाराबद्दल याहून बोलकं दृश्य मला तरी माहीत नाही.

आता पहिलं रीळ. एडविन पोर्टरचा ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’, १९०३, सुमारे बारा मिनिटांचा, चित्रित झाला न्यू जर्सीत, म्हणजे पूर्व किनाऱ्यावर. त्याला आज पहिला गाजलेला वेस्टर्न म्हणतात, पण तेव्हाच्या प्रेक्षकाला तो ऐतिहासिक वाटायचं कारणच नव्हतं. बुच कॅसिडीच्या टोळीने वायोमिंगमध्ये आगगाड्या लुटल्या त्या १८९९ आणि १९०० साली. त्या प्रेक्षकांसाठी हा गुन्ह्याचा, पाठलागाचा, आगगाडीचा सिनेमा होता. ‘वेस्टर्न’ हा शब्द पुढची काही वर्षं नुसतं विशेषण म्हणून चालला: वेस्टर्न नाट्य, वेस्टर्न विनोद. विशेषणाचं नाम झालं तेव्हा कुठे प्रकार जन्मला.

या सिनेमात संकलकाला वेड लावणारी एक गोष्ट आहे. दरोडेखोरांचा म्होरक्या थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे प्रेक्षकावर, पिस्तूल झाडतो असा एक शॉट. कथेशी त्याचा संबंध नाही. एडिसन कंपनीच्या सूचीपत्रात थिएटरवाल्यांना सांगितलं होतं: हा शॉट सुरुवातीला लावा किंवा शेवटी लावा, तुमची मर्जी. सुरुवातीला लावला तर ती धमकी. शेवटी लावला तर सगळे दरोडेखोर मेल्यावरही कुणीतरी उरलाय आणि तो तुमच्यावर नेम धरून आहे. जन्मालाच या प्रकाराला दोन शेवट होते.

पुढे वयाचा सिद्धांत. बाल्य, तारुण्य, वार्धक्य, मग आत्मपरीक्षण, ही मांडणी पाठ्यपुस्तकांना सोयीची आहे. अमेरिकन आदिवासींची बाजू सिनेमाला १९७०च्या सुमारास कळली, असं तीत हमखास येतं. पण दिग्दर्शक ग्रिफिथचा १९०९चा ‘द रेडमॅन्स व्ह्यू’ बघा. कायओवा लोकांना गोरे बंदुकीच्या धाकाने पुन्हा पुन्हा उठवतात आणि पुढे ढकलत नेतात, एवढीच गोष्ट. त्या चार-पाच वर्षांत अशी सहानुभूती असलेले लघुपट बरेच निघाले. म्हणजे शहाणपण उशिरा आलं असं नाही. आलं होतं, मग बाजूला ठेवलं गेलं, आणि पुन्हा काढलं गेलं. टॅग गॅलघर या समीक्षकाने हा आक्षेप फार पूर्वी घेतला आहे आणि मी त्याच्या बाजूचा आहे.

विसाचं दशक झपाट्याने सांगतो, कारण त्यातला मोठा भाग रूळ टाकण्याच्या आणि वॅगनींच्या तांड्यांच्या भव्य महागाथांचा आहे. १९३० मध्ये राउल वॉल्शने तरुण जॉन वेनला घेऊन सत्तर मिलिमीटरच्या रुंद फिल्मवर ‘द बिग ट्रेल’ काढला. तो आपटला, आणि वेनची पुढची नऊ वर्षं स्वस्तातल्या, तासाभराच्या सिनेमांत गेली. त्यांतच गिटार घेऊन गाणारे काउबॉय आले. पोरांची शनिवार दुपारची सोय.

१९३९च्या ‘स्टेजकोच’ने वेस्टर्न पुन्हा मोठ्यांसाठी झाला. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँला हा सिनेमा एखाद्या नीट घडवलेल्या चाकासारखा वाटायचा, कसाही फिरवा, तोल ढळत नाही. आमच्या धंद्यातल्या माणसाला मात्र त्यातला पाठलाग दिसतो, आणि त्यात जॉन फोर्डने पडद्यावरच्या दिशेचा नियम सरळ धाब्यावर बसवलाय: गाडी डावीकडे धावतेय, पुढच्या शॉटला उजवीकडे. आमच्या विद्यार्थ्याने असं केलं तर मी परत पाठवतो. तिथे कुणाला खटकत नाही, कारण वेग चुकीला पोटात घेतो. शेवटी काय होतं? तुरुंगातून पळालेला नायक सूड घेतो आणि मार्शलच (म्हणजे तिथला पोलीस अधिकारी) त्याला त्याच्या मैत्रिणीसह सीमेपार सोडून देतो. सुसंस्कृत जगाच्या वरदानांतून सुटले एकदाचे, अशा अर्थाचा टोमणाही मारला जातो. जो सिनेमा ‘भोळ्या’ काळाचा नमुना म्हणून शिकवतात, त्याच्या शेवटी कायद्याचा माणूसच कायद्याकडे पाठ फिरवतो.

युद्धानंतर वेस्टर्नला नुसता वेस्टर्न असण्याची लाज वाटू लागली, त्याला काहीतरी सामाजिक, मानसिक जोड हवीशी झाली, अशी बाझँची तक्रार होती. त्याच्या डोळ्यांसमोर ‘हाय नून’ होता, १९५२चा. मला बाझँ इथे पटत नाही. मी संकलनाच्या वर्गात हा सिनेमा आधी घेतो. दुपारी बाराच्या गाडीने गुंड येणार, मार्शल गावात मदत मागत फिरतो, कुणी पुढे येत नाही. पडद्यावरचा वेळ आणि कथेतला वेळ जवळजवळ सारखा, पंच्याऐंशी मिनिटं. बारा वाजायच्या आधीची घड्याळ, लंबक, रिकामा रस्ता, एकेकाचे चेहरे अशी जी मालिका आहे, तिची लय दिमित्री टिओमकिनच्या संगीताच्या ठेक्याला बांधलीय. संकलनाचं ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. पटकथाकार कार्ल फोरमन याला सिनेमा तयार होत असतानाच कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या संसदीय समितीपुढे बोलावलं गेलं होतं, आणि ओळखीची माणसं तोंड फिरवताना तो रोज बघत होता. शेवटी मार्शल बिल्ला धुळीत टाकून जातो. कायदा जिंकलाय, पण गाव त्या लायकीचं नव्हतं.

दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सला हा मार्शल आवडला नाही. कामात मुरलेला माणूस शेंबड्या पोरासारखा दारोदार मदत कशाला मागेल, असं त्याचं म्हणणं. त्याने जॉन वेनला घेऊन १९५९ मध्ये ‘रिओ ब्राव्हो’ काढला. तिथे शेरीफ मदत नाकारतो आणि तरी मिळते: एक दारुडा, एक लंगडा म्हातारा, एक पोरगा. शेवटी सगळे गावातच राहतात. हा बदल ‘उत्क्रांती’त बसवता येत नाही. हे भांडण आहे. एका सिनेमाने शेवट एक दिला, दुसऱ्याने तो खोडला. वेस्टर्न बहुतेक वेळा असाच पुढे सरकला आहे, आधीच्याच्या शेवटावर चिडून.

फोर्डचे स्वतःचेच दोन शेवट शेजारी ठेवा. ‘द सर्चर्स’, १९५६: कोमांची लोकांनी पळवलेल्या पुतणीला वर्षानुवर्षं शोधून नायक घरी आणतो, सगळे आत जातात, तो उंबऱ्याबाहेर उभा राहतो, वळतो, आणि दार मिटतं. ‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’, १९६२: जो वकील गुंडाला मारणारा म्हणून सिनेटर झाला, त्याने गुंडाला मारलंच नव्हतं. खरा मारणारा विस्मृतीत मेला. ही कबुली ऐकून वर्तमानपत्राचा संपादक टिपणं फाडून टाकतो, कारण छापायची ती दंतकथा. मॉन्युमेंट व्हॅलीतल्या लाल सुळक्यांचं प्रेम असलेल्या माणसाने हा सिनेमा काळ्या-पांढऱ्यात, बराचसा स्टुडिओच्या छपराखाली काढला. मोकळं आकाश नाहीच. काहींना ते कंजूषपणाचं वाटतं. मला वाटतं, ज्या गोष्टीत सगळंच खोटं निघणार तिला खोट्या भिंतीच शोभतात.

मग इटालियन. सर्जिओ लेओनेने १९६४ मध्ये स्पेनमध्ये ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ काढला तो जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या ‘योजिम्बो’वरून, परवानगी न घेता. तडजोडीत कुरोसावाच्या बाजूला जगभरच्या उत्पन्नाचा पंधरा टक्के वाटा मिळाला. लेओनेच्या त्या डोळ्यांच्या अतिजवळच्या शॉटबद्दल सगळे बोलतात, त्यामागची फिल्म मात्र कुणी बघत नाही. तो टेक्निस्कोपवर काम करायचा. नेहमीच्या पस्तीस मिलिमीटरच्या चौकटीला कडेच्या चार छिद्रांएवढी फिल्म लागते, टेक्निस्कोपमध्ये दोन. म्हणजे तेवढ्याच रिळात दुप्पट चित्रण, आणि रुंद पडदा मिळवायला प्रतिमा दाबून घेणारी भिंगं लागत नाहीत. ती भिंगं तेव्हा जवळच्या चेहऱ्याला नीट सांभाळायची नाहीत. इथे साधी भिंगं, त्यामुळे कॅमेरा पापणीपर्यंत नेता येतो आणि मागचा डोंगरही बऱ्यापैकी स्पष्ट राहतो. पैसे वाचवायला निवडलेल्या पद्धतीतून एक सौंदर्यदृष्टी निघाली. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’च्या शेवटी तिघं स्मशानात एकमेकांना निरखत उभे असतात. आधी लांबून, मग कमरेपासून, मग चेहरे, मग नुसते डोळे आणि बोटं. शॉट आखूड होत जातात, मोरिकोनेचं संगीत चढत जातं, आणि गोळी सुटते तेव्हा जवळपास सगळं संपलेलं असतं. टूमस्टोनच्या तीस सेकंदांना कुणी इतकं ताणलं नव्हतं.

आणि कायदा? ‘फिस्टफुल’मध्ये गावात दोन टोळ्या आहेत, आणि एका टोळीचा म्होरक्याच शेरीफ आहे. कायदा पोचलेला आहे. तो गुंडाच्या छातीवर लटकतोय.

यानंतर अमेरिकेला आपल्याच वेस्टर्नकडे त्या नजरेने बघणं भाग पडलं. व्हिएतनाम युद्ध चालू होतं, तिथे अमेरिकी सैनिकांनी केलेल्या माय लाय हत्याकांडाची बातमी १९६९च्या अखेरीस फुटली. त्याच वर्षी पेकिन्पाने ‘द वाइल्ड बंच’मध्ये वेगवेगळ्या गतीने चालणारे अनेक कॅमेरे लावून गोळीबार टिपला, आणि संकलक लू लोम्बार्डोने संथ आणि नेहमीची गती एकाच क्षणात मिसळली. आजच्या निम्म्या हाणामारीची व्याकरणपोथी तीच आहे, फक्त पेकिन्पाकडे मरणारा माणूस जड वाटतो. १९७१च्या ‘मॅकेब अँड मिसेस मिलर’मध्ये नायकाला मारायला खाणकंपनीने माणसं धाडलीयत. तो बर्फात एकटा लढतो, आणि अख्खं गाव त्याच वेळी पेटलेलं चर्च विझवण्यात गुंग असतं. कुणाला पत्ताच नाही. माझ्या मते वेस्टर्नचा याहून खरा शेवट झालेला नाही.

१९८० मध्ये ‘हेवन्स गेट’वर खर्चलेले सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर जवळपास सगळे बुडाले, तो काढणारी युनायटेड आर्टिस्ट्स कंपनी विकली गेली, आणि वेस्टर्न मेला असं सर्वांनी जाहीर केलं. ते मरणही फार टिकलं नाही. १९३१च्या ‘सिमरॉन’नंतर एकाही वेस्टर्नला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं नव्हतं. मग १९९० आणि १९९२च्या दोन सिनेमांना मिळालं. त्यातला दुसरा ‘अनफर्गिव्हन’. त्यात शेरीफ क्रूर आहे, मारेकरी बायकोला दिलेला शब्द मोडतो, आणि शेवटी पडद्यावर येणारा मजकूर सांगतो, की म्हणे तो सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन कापडाच्या व्यापारात बरा चालला. दंतकथा छापली नाही, दुकान छापलं.

तुमच्या ‘नो कंट्री’चं उत्तर आता सोपं आहे. पिकअप असल्या तरी शेरीफ आहे, कायदा म्हातारा झालाय, आणि तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वप्न सांगतो. गुन्हेगार चालत निघून गेलाय. मूळ प्रश्न तोच, उत्तर उलटं.

आणि ‘शोले’. वेस्टर्न आहे का? माझ्या कसोटीला पुरेपूर. रामगढात पोलीस पोचत नाहीत, म्हणून माजी पोलीस अधिकारीच दोन कैदी भाड्याने आणतो. (वीज पोचलेली नाही, पाण्याची उंच टाकी मात्र आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे.) आगगाडीवरचा हल्ला, रामनगरचे कातळ, सगळं घराण्यातलं. त्याचे संकलक आपले मा. स. शिंदे, आणि त्या वर्षीच्या फिल्मफेअरमध्ये ‘शोले’ला मिळालेलं एकमेव पारितोषिक संकलनाचं. पण मला रस आहे तो शेवटात. मूळ शेवटात ठाकूर खिळे लावलेल्या बुटांनी गब्बरला ठार करतो. सिनेमा लागला १५ ऑगस्ट १९७५ ला, आणीबाणी सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. सेन्सॉर बोर्डाला माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेणं चाललं नाही. शेवट पुन्हा चित्रित झाला: ऐन क्षणी पोलीस येतात, ठाकूरला थांबवतात. अमेरिकेत पटकथाकार ज्या प्रश्नावर सत्तर वर्षं भांडले, तो इथे एका सरकारी मंडळाने परस्पर मिटवला. २०२५ मध्ये पुनर्संचयित प्रत मूळ शेवटासह दाखवली गेली. दोन्ही शेवट लागोपाठ बघा. पोलीस येतात तो जोड मला आजही टोचतो, आणि त्यात शिंदे यांचा दोष काडीचाही नाही.

सुरुवात कुठून करावी असंही तुम्ही विचारलंय. ‘हाय नून’ आणि ‘रिओ ब्राव्हो’ एकापाठोपाठ, म्हणजे भांडण कळेल. मग ‘मॅकेब’. आणि शेवटी केली रायकार्टचा २०१०चा ‘मीक्स कटऑफ’: १८४५चं ऑरेगन, वाट चुकलेला वॅगनींचा तांडा, पाणी संपत आलेलं, आणि गोष्ट बायकांच्या बाजूने. पुरुष काहीतरी ठरवत दूर उभे असतात आणि आपल्याला अर्धवटच ऐकू येतं. रुंद पडदा नाही, जुनी चौकोनी चौकट, टोपडं घातलेल्या बाईला जेवढं दिसेल तेवढीच. पाणी मिळालं का, हे सिनेमा सांगत नाही. तो मोबाईलवर मात्र बघू नका. रात्रीच्या प्रसंगांत कंदिलाच्या ठिपक्याखेरीज काही दिसणार नाही.